गल्लीची खुर्ची

माझ्या मोठ्या जाऊबाईंबद्दल कोणी विचारलं की आधी माझं डोकं फिरतं आणि मग मी बोलायला लागते. तेव्हा राग दिसला तर दिसू दे. ज्यांना गोड आवाजात ऐकायचं असेल त्यांनी मदत कार्यालयाच्या खिडकीवर जावं. तिथं सगळे अगदी गोड बोलतात.

जाऊबाई गाद्या भरतात. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून हेच काम. आधी सासरे करायचे, मग थोरले दीर, आणि दीर गेल्यावर एकट्या जाऊबाई. लोक जुनी गादी आणून दारात टाकतात. मध्ये खड्डा पडलेला, कडांना गोळे झालेले, कुठं पोरानं भिजवलेली, कुठं उंदरानं कुरतडलेली. जाऊबाई ती उसवतात, कापूस बाहेर काढून काठीनं झोडतात, कचरा निवडतात, ऊन दाखवतात, परत खोळीत भरतात आणि दाभणानं टाके घालतात. खोळी मी शिवते. माझी खोली त्यांच्या खोलीला लागून, मध्ये एकच भिंत. त्यांच्या काठीचा आवाज थांबला की मला कळतं, आता खोळ मागायला येणार.

त्यांच्या हातची गादी दाबून बघा. मधोमध दाबा, कोपऱ्यात दाबा, कुठंही सारखीच. लोक हौसेनं दुकानातून स्पंजाची गादी आणतात, मग कंबर धरते, मग इकडंतिकडं बघत आमच्या दारात येतात. मी असले तर दोन टोमणे मारल्याशिवाय आत घेत नाही. जाऊबाई मात्र म्हणतात, अगं, कंबर दुखतेय त्यांची, बसू दे आधी.

ही ‘बसू दे आधी’च आमच्या मुळावर आली. पण ते पुढं.

कापूस झोडला की तूस उडतं. बारीक, डोळ्यांना धड न दिसणारं, पण सगळीकडं बसतं, पापण्यांवरसुद्धा. खिडकी उघडी ठेवली तर ते समोरच्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर जातं. म्हणून जाऊबाई खिडकी लावून झोडतात. कोणी कधी तक्रार केली नव्हती, बरं का. पण आपल्यापायी कुणाला धुतलेले कपडे परत धुवायला लागू नयेत, म्हणून ही बाई आयुष्यभर बंद खोलीत ते तूस गिळत बसली. मी कितीदा सांगितलं, उघडा ती खिडकी, मरू देत ते कपडे. तर तोंडावर फडकं बांधून हसायच्या.

मग खोकला सुरू झाला. पहिल्यांदा सकाळचा, मग दिवसभराचा. मग असं झालं की एक गादी भरायची म्हणजे पाच-सहा वेळा भिंतीला टेकून बसायचं. मी ओढतच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि मला म्हणाले, यांचा कापूस बंद करा. औषध मी देईन, पण कापूस सुरू राहिला तर औषध फुकट जाईल, आणि बाईही जाईल.

आता कापूस बंद म्हणजे चूल बंद. लेक दूर दिलेली, तिचंच तिला होत नाही. माझ्या घरात नवऱ्याचा चौकीदारीचा पगार, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली माझी सासू, म्हणजे त्यांचीही सासूच. माझ्या ताटातलं त्यांना वाढलं असतं मी, पण खाल्लं असतं का त्यांनी? एकदा मी भाजीची वाटी नेऊन ठेवली, तर दुपारी तीच वाटी घासूनपुसून, साखरेनं भरून माझ्या मुलीच्या हातात परत आली. साखर कुठून आणली होती देव जाणे. अशा बाईला कोण काय देणार?

आणि नेमकी तेव्हाच मदतीची योजना आली. ज्यांच्या घरात काही नाही आणि अंगात मेहनतीची ताकद राहिली नाही, त्यांना दरमहा पैसे. फार नव्हते, पण एका माणसाचं साधं खाणं आणि औषध निघालं असतं. जाऊबाईंनी काठी खुंटीला टांगली असती. मी मनातल्या मनात ती खुंटी ठोकूनही ठेवली होती.

आता खुर्चीचं सांगते, कारण सगळं तिच्याभोवती फिरलं.

आमच्या गल्लीत धड अशी एकच खुर्ची आहे. न्हाव्याचं दुकान होतं तेव्हा गिऱ्हाइकांना थांबायला ठेवलेली. दुकान बंद पडलं आणि खुर्ची घरी आली. उंच पाठीची, लाकडी हातांची, बसायला लाल रेक्झीन. डाव्या हातावर इस्त्रीचा चटका आहे, काळा, पानाच्या आकाराचा. बैठक जाऊबाईंनीच नव्यानं भरलेली, म्हणून बसलं की उठवत नाही. ही खुर्ची न्हाव्याची, पण आहे गल्लीची. कुणाकडं मुलगी बघायला आले, खुर्ची त्या घरी. कुणाकडं माणूस गेलं आणि लांबून लोक भेटायला आले, खुर्ची त्या घरी. तसाच बसड्रायव्हरचा टेबलपंखा, आणि माझे निळ्या काठाचे कप. पाहुणा दिसला की कुणी सांगावं लागत नाही. ज्याच्या हाताला जे लागेल ते तो उचलतो आणि मागच्या बोळातून पोचवतो. पाहुण्यानं दारात उभं राहायचं नाही आणि घरच्यानं खाली बघायचं नाही, एवढंच त्यामागं. यात कुणाला कधी खोटेपणा वाटला नाही. पाहुणा गेला की वस्तू आपापल्या घरी परत.

या सगळ्यात एकच माणूस नाही, तो म्हणजे पोत्यावाला. रिकाम्या पोत्यांचा त्याचा मोठा धंदा आहे, राहायला पलीकडं दुमजली घर आहे, आणि आमच्या गल्लीतली टोकाची खोली त्यानं पोती ठेवायला घेतलीय. एकदा नळ फुटला तेव्हा न्हावी त्याच्याकडं शिडी मागायला गेला, तर म्हणाला, आज शिडी मागाल, उद्या खोली मागाल. तेव्हापासून गल्लीनं त्याचं नाव टाकलं. ना त्याची वस्तू कुणाकडं, ना कुणाची त्याच्याकडं.

तर मोजणीला एक मुलगी आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, उन्हानं लाल झालेला चेहरा. आम्हाला एवढंच कळवलं होतं की घरात कोण कोण राहतं ते विचारायला कार्यालयाचं माणूस येईल. बास. गल्लीच्या तोंडाशी ती दिसली आणि आपली माणसं लागली कामाला. पहिल्या घरात ती पोचायच्या आत न्हाव्यानं खुर्ची पोचवली. पंखा आला, कप आले. मुलगी बसली, चहा प्यायली, विचारलं ते टिपलं, दारातून एक फोटो काढला आणि बाहेर येऊन टॅबवर काहीतरी करत उभी राहिली. तेवढ्यात मागच्या दारानं खुर्ची पुढच्या घरात. तिथं ती बसते, तोवर तिसऱ्या घरातली बाई बोळात हात पुढं करून उभीच. न्हावी पुढं खुर्ची घेऊन पळतोय, बसड्रायव्हर पंख्याची वायर गुंडाळत त्याच्या मागं, आणि मी कप विसळत सगळ्यांच्या मागं. हसून हसून आमच्या पोटात दुखत होतं. पोरगी उठून गेलेली खुर्ची गार व्हायच्या आत परत पोरीच्याच खाली. एकाही घरात उभी राहिली नाही ती. संध्याकाळी आम्ही सगळे कसे खूश होतो, काय सांगू. कार्यालयाचं माणूस आलं आणि गल्लीची मान खाली गेली नाही, असं न्हावी चार चार वेळा म्हणाला.

पोत्यावाल्याच्या खोलीत मात्र ती उभीच राहिली. तिथं पोत्यांशिवाय काही नव्हतं. पोत्यावाला त्या दिवशी नेमका मळकी बंडी घालून पोती मोजत बसला होता.

निकाल लागला तेव्हा जाऊबाईंना चालवत नव्हतं, म्हणून मी एकटीच कार्यालयात गेले. भिंतीवर नावं लावलेली. आमच्या गल्लीचं एकच नाव होतं. कुणाचं ते सांगायला नको.

आधी मला वाटलं मी चुकीच्या कागदासमोर उभी आहे. मग खिडकीवरच्या कारकुनाला विचारलं. त्यानं यंत्रात बघून सांगितलं, तुमच्या जाऊबाईंच्या घरात चांगली खुर्ची आहे, विजेचा पंखा आहे, कपांचा संच आहे. इतकं असल्यावर मदत मिळत नाही. मी म्हटलं, माझं बघा. माझ्याही घरात खुर्ची, पंखा, कप. न्हाव्याचं बघा. खुर्ची, पंखा, कप. बसड्रायव्हर, तेच. मी त्याला फोटो दाखवायला लावले. यंत्र माझ्याकडं फिरवून त्यानं एकामागून एक दाखवले. प्रत्येक घरात तीच लाल बैठक, डाव्या हातावर तोच काळा चटका. एका फोटोत तर मागच्या दारातून न्हाव्याचा हात दिसत होता, खुर्ची कधी उचलू म्हणून टपलेला.

मला तिथं हसू फुटलं. खोटं नाही सांगत, खिडकीला धरून मी मोठमोठ्यानं हसले आणि रांगेतले लोक माझ्याकडं बघायला लागले. आणि मग एकदम माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुम्ही शिकलेली माणसं ना? पोरगी प्रत्येक घरात त्याच खुर्चीत बसली, त्याच कपातून चहा प्यायली, तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की आपण सकाळपासून एकच खुर्ची बघतोय? की आलं होतं, आणि विचारायचा कंटाळा आला? विचारलं असतं तर न्हाव्यानं छाती फुगवून सांगितलं असतं, माझी आहे, गल्लीला वापरायला देतो. लपवलं कुणी होतं? कारकून म्हणाला, जे दिसतं ते नोंदवायचं असा नियम आहे. फेरतपासणीचा अर्ज करा, साहेब स्वतः येऊन बघतील.

केला. गल्लीनं मिळून ठरवलं, आधी जाऊबाईंचं होऊ दे, मग बाकीच्यांचं बघू. त्यात कुणाचंच दुमत नव्हतं. न्हाव्याचं स्वतःचं घर टेकीला आलेलं, पण तोही म्हणाला, आधी काकूंचं. आणि ठरलं की साहेब येतील त्या दिवशी एक वस्तू हलणार नाही. खुर्ची न्हाव्याच्या घरात, पंखा ड्रायव्हरच्या, कप माझ्या फडताळात.

जाऊबाईंना हे पटेना. साहेब आपल्याच कामासाठी येणार, लांबून येणार, आणि त्यांना काय जमिनीवर बसवायचं? मी हात जोडले. म्हटलं, ताई, एक दिवस तुमचा शिष्टाचार बाजूला ठेवा, एक दिवस. नुसत्या पडून राहा. विचारतील तेवढंच बोला. त्या गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या की मला धास्ती वाटते, कारण त्या हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

साहेब आले. मला एखादा आडमुठा, खेकसणारा माणूस हवा होता, म्हणजे सरळ भांडता आलं असतं. हे अगदी सभ्य. पिकलेले केस, खांद्याला पिशवी, घामानं भिजलेला सदरा. दारात चपला काढल्या. आत आले आणि बसायला काही दिसतंय का म्हणून नजर फिरवली. नव्हतंच काही. एका भिंतीला उसवलेली गादी, कोपऱ्यात कापसाचा ढीग, खाली अंथरुणावर जाऊबाई. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि तसंच विचारायला लागले. कधीपासून दम लागतो, औषध कोणतं, काम किती होतं. जाऊबाई सरळ उत्तरं देत होत्या. पूर्वी एक गादी दिवसात भरायचे, आता आठवडा जातो, म्हणाल्या. मी दारात उभी होते आणि माझा जीव हळूहळू भांड्यात पडायला लागला होता.

पण साहेब सारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होते. उजवा गुडघा हातानं दाबत होते. मला ते दिसलं होतं आणि मी तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं. जाऊबाईंनी विचारलंच.

“गुडघा दुखतो का तुमचा?”

“जुनं आहे ते,” साहेब म्हणाले. “आज फार चालणं झालं. असू द्या.”

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. “धाकटे, न्हाव्याकडची खुर्ची आण.”

मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांनी परत सांगितलं. मी म्हटलं, “नाही आणणार.” साहेबांच्या देखत म्हटलं, आणि आजही म्हणेन. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. अंगावरची चादर बाजूला केली, भिंतीला धरून उठल्या आणि माझ्या खांद्याला धक्का देऊन बाहेर पडल्या.

मला वाटलं, उंबऱ्यापर्यंत जातील आणि दम लागून बसतील. ही बाई गेल्या कित्येक दिवसांत संडासापर्यंतसुद्धा माझा हात धरून जात होती. समोर न्हाव्याचं दार उघडंच होतं. न्हावी आत बसला होता, त्याला वाटलं काही हवंय म्हणून तो उठला, तोवर यांनी खुर्ची पोटाशी धरून उचललीसुद्धा. तो हां हां म्हणत मागं आला, पण काकू आणि ठरलेलं आणि आत उभा असलेला साहेब, यात त्याला काय करावं सुचेना, आणि तो तसाच तोंड वासून गल्लीच्या मधोमध उभा राहिला. मी धावले. मी खुर्चीचा हात धरला तेव्हा त्या आमच्या उंबऱ्यावर होत्या, आणि त्यांनी सोडली नाही. स्वतःच्या हातांनी साहेबांसमोर ठेवली, पदरानं लाल बैठक पुसली आणि म्हणाल्या,

“बसा. माझ्या घरात कुणी उभं राहत नाही.”

त्यानंतर त्यांना बोलता आलं नाही. त्या खाली बसल्या ते बसल्याच. ओठ निळे पडले, श्वास आत घेताना गळ्याशी खड्डा पडत होता, आणि हातानं मला खुणावत होत्या, काही नाही, काही नाही. मी पाठ चोळत होते, न्हाव्याची बायको पाणी घेऊन आली. साहेब बसले. कशाला त्रास घेतलात ताई, असं दोनदा म्हणाले, मनापासून म्हणाले. मग पिशवीतून कागद काढला, दुखऱ्या गुडघ्यावर पाटी ठेवली आणि लिहायला लागले. लिहून झालं, नमस्कार केला, चपला घातल्या आणि गेले.

आणि मला सांगायला लाज नाही, त्या रात्री मी आनंदात होते. चिडले होते जाऊबाईंवर, पण आत उकळ्या फुटत होत्या. कारण आता साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं ना! खुर्ची समोरच्या घरातून आली. आमची नाही. मोजणीवाल्या पोरीची चूक आपोआप उघडी पडली. मी न्हाव्याला म्हटलं, बघ, तुझ्या खुर्चीनंच घालवलं आणि तुझ्या खुर्चीनंच आणलं. तोही हसला.

निकालाला मी त्याच कारकुनासमोर उभी. त्यानं वाचून दाखवलं. घरात मोजण्याजोगी वस्तू नाही. खुर्ची शेजाऱ्याची. माझ्या तोंडून हुश्श निघालं. पण तो थांबला नाही. पुढं लिहिलं होतं, अर्जदार बाई जड वस्तू उचलून आणू शकतात, हे तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष पाहिले. मेहनतीची ताकद आहे. मदत नामंजूर.

मी विचारलं, आणि ते आणल्यावर तिचे ओठ निळे पडले, ते प्रत्यक्ष पाहिलं नाही का? कारकून म्हणाला, बाई, त्याला रकाना नाही. माझ्या मागचा माणूस म्हणाला, ताई, लवकर आटपा. मी त्याला असं काही सुनावलं की तो रांग सोडून गेला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण त्या वेळी माझ्यासमोर जो येईल त्याचा दोष होता.

साहेब मला व्हरांड्यात भेटले. मी वाट अडवूनच उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं, आणि खरंच, चेहरा पडला त्यांचा. म्हणाले, “मला वाईट वाटतं. पण मला सांगा, मी खोटं काय लिहिलं?”

“खोटं काहीच नाही लिहिलंत,” मी म्हटलं. “बसून लिहिलंत.”

एवढंच बोलून मी वाट सोडली. आणखी बोलायला लागले असते तर तोंडातून जे निघालं असतं ते आवरलं नसतं. चालत घरी आले, अख्खी वाट दात आवळून.

जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? “त्यांचा गुडघा कसा आहे?” मी हातातली खोळ भिंतीवर भिरकावली. म्हटलं, ताई, तुमच्यासारख्या बाईला मदत मिळूच नये. तुम्हाला स्वतःची किंमत नाही, तर ते काय करणार? मदत कुणाला, तर ज्याला पाहुण्याला उभं ठेवता येतं त्याला! त्या म्हणाल्या, “अगं, मग त्यांना उभंच ठेवायचं होतं का?” आणि खोळ उचलून घडी घालायला लागल्या. मी माझ्या घरात जाऊन दार लावून रडले. रागानं रडले. दुःखाला मला अजून सवड नव्हती.

काठी पुन्हा सुरू झाली. पहिल्यासारखी दणदणीत नाही. दोन फटके, मग थांबणं, मग खोकला, मग दोन फटके. भिंतीच्या या बाजूला बसून मी ते ऐकते. खिडकी मी एका दुपारी आत शिरून सताड उघडली आणि समोरच्यांना गल्लीत उभं राहून सांगितलं, कपड्यांवर कापूस येईल, सहन करा. कुणी हूं की चूं केलं नाही. पण आता खिडकी उघडून काय उपयोग? जे आत जायचं ते कधीच गेलंय.

मध्यंतरी पोत्यावाला गादी घेऊन आला. मदतीच्या पैशातून नवी खोळ करायची म्हणाला, निर्लज्जपणे. मी त्याला दारातूनच हाकलणार होते. जाऊबाईंनी ठेवून घेतली. आणि भरली तशीच, कुठंही दाबा, सारखी. खोळ मी शिवली नाही. त्यांनी स्वतः शिवली, डोळे बारीक करकरून, आणि शिवणीतला एक टाकासुद्धा वाकडा गेला नाही. याचा मला जितका राग येतो तितका पोत्यावाल्याचाही येत नाही.

आणि आता तर त्यांना आडवं पडताच येत नाही. पाठ टेकली की छाती भरून येते, जीव घाबरा होतो. डॉक्टर म्हणाले, असंच होतं यात, बसून झोपवा. अख्ख्या गल्लीला गाद्या भरून देणाऱ्या बाईला गादीवर झोपायची चोरी. आधी मी त्यांच्या पाठीशी गाठोडी रचायचे, ती सरकायची. एका संध्याकाळी न्हावी आला, खुर्ची खांद्यावर घेऊन. कुणी मागितली नव्हती. अंथरूण सरकवलं, खुर्ची भिंतीला लावून ठेवली, बैठक झटकली आणि म्हणाला, “काकू, ही आता इथंच राहील. परत न्यायची नाही.” जाऊबाई म्हणाल्या, अरे, मग गल्लीत कुणाकडं पाहुणे आले तर? तो म्हणाला, उभे राहतील.

तेव्हापासून रात्रंदिवस त्या तिच्यातच असतात. लाकडी हातांवर हात टाकून, डाव्या हातावरच्या चटक्यावरून बोट फिरवत. गल्लीतले पाहुणे खाली सतरंजीवर बसतात आणि कुणालाही वाईट वाटत नाही.

परवा बसड्रायव्हर सांगत आला, नवी मोजणी येणार आहे. पुन्हा घरोघर बघणार, पुन्हा फोटो काढणार. न्हाव्याच्या बायकोनं माझ्याकडं बघून विचारलं, या वेळी खुर्चीचं काय करायचं?

काही करायचं नाही. या वेळी खुर्ची खरीच जाऊबाईंची आहे, आणि त्या तिच्यात बसलेल्या आहेत. मोजणाऱ्यांनी उभं राहून मोजावं.